दोन फुटांची टाकी

सिंकच्या कडेला सिलिकॉन लावताना आज तोच आंबट, झणझणीत वास आला आणि जबलपूरचं आमचं दोन खोल्यांचं फॅक्टरी क्वार्टर आठवलं. मी सातवीत होते. घमापूरच्या बाजारातून निळा फायटर मासा आणून त्याला लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत ठेवलं होतं.

"काहून एकाच जागी फिरून राहिला हा?" ड्यूटीवरून आलेल्या बाबांनी विचारलं.

"दुकानवाले भैया बोलले, फायटरला इतकी जागा पुरते."

"तो बिचारा काही बोलून नाही राहिला, म्हणून पुरते का?"

रविवारी बाबांनी गोहलपूरहून काचा कापून आणल्या आणि दोन फुटांची टाकी स्वतः सिलिकॉनने चिकटवली. ठेवायला जागा एकच होती, त्यांचं चहा-पेपरचं टेबल. नव्या टाकीतही मासा दोन दिवस बरणीएवढ्याच जागेत फिरला. तिसऱ्या दिवशी शेपूट पसरून तो पार दुसऱ्या टोकाला गेला, तेव्हा मी आनंदाने टाळ्या पिटल्या.

बाबा जमिनीवर बसून चहा पीत हसले. मासा होता तोवर ते रोज तिथेच, जमिनीवर बसले. इतकं मोठं काही मला पुन्हा कुणी दिलं नाही. पण बाबाही काही बोलले नाहीत, म्हणून मला वाटलं, त्यांना तेवढी जागा पुरते.