हिरव्या त्रिकोणाच्या नऊ बाटल्या

बेबीनंदा जालन्यात मस्तगडला राहते. औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात ती अकरा वर्षांपासून कीटकनाशकाच्या बाटल्यांना लेबलं लावते. बूच बसवलेली बाटली समोर आली की रोलवरचं लेबल सोडवायचं, बाटलीवर बसवायचं, अंगठ्यानं हवा काढायची आणि बाटली पुढं सरकवायची. शिक्षण दहावी. कामाला लागली त्या पहिल्याच महिन्यात तिनं लेबलावरचं आणि सोबतच्या पत्रकातलं सगळं बारीक अक्षर वाचून काढलं, कारण जेवणाच्या सुट्टीत वाचायला दुसरं काही नव्हतं.

त्यातूनच तिला त्रिकोण कळले. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही समजावं म्हणून ही खूण. तिचा भाऊ भिवा मजुरीनं फवारणीला जातो. त्याला अक्षरओळख नाही, रंग मात्र बरोबर कळतात.

गेल्या ऑगस्टमध्ये ती तीन दिवस रजेवर होती. परत आल्यावर छापखान्यातून आलेला टेबलावरचा नवा रोल पाहून तिचा हात थांबला. औषध नेहमीचंच, पिवळ्या त्रिकोणाचं. नाव बरोबर, मात्रा बरोबर, त्रिकोण मात्र हिरवा. शेजारच्या टेबलावरच्या शालूनं तीन दिवस हाच रोल लावला होता. त्यातली दोन खोकी, म्हणजे ऐंशी बाटल्या, घनसावंगीच्या दुकानात पोचल्याही होत्या.

ती रोल घेऊन मालकांकडे, भुजंगरावांकडे गेली. त्यांनी लेबल उजेडात धरून पाहिलं.

"नाव तर बराबर हाये. शेतकरी नाव सांगून औषध घेतो. त्रिकोण कोण बघतं?"

"माझा भाऊ बघतो," ती म्हणाली.

भुजंगरावांनी दुकानात फोन लावला. एकाहत्तर बाटल्या फळीवर होत्या, नऊ विकल्या गेल्या होत्या. उरलेला माल परत मागवतो, नऊ जणांना दुकानदार सांगेल, असं ते म्हणाले.

"सांगितलेलं कोणी ध्यानात ठेवत न्हाई. बाटलीवर रंग हिरवाच राहील. मी जाते."

त्यांनी रोल बाजूला ठेवला. "जा मंग. पण गवगवा करू नको."

जुन्या रोलवरची पिवळ्या त्रिकोणाची नऊ लेबलं आणि थोडी पत्रकं पिशवीत टाकून ती घनसावंगीच्या बसमध्ये बसली. दुकानदार पप्पूच्या पावती पुस्तकात नावं होती. त्यानं फोन केल्यावर पाच जण बाटल्या घेऊन दुकानात आले; त्यांची लेबलं तिनं तिथंच बदलली. तिघांच्या घरी जाऊन तिनं न उघडलेल्या बाटल्यांवर बरोबर लेबलं चिकटवली. नववी बाटली जवळच्याच गावच्या कडूबाची होती. घरी त्याची बायको नंदाबाई भेटली.

"ते सकाळपासून रानात हायेत. कपाशी फवारून राह्यले."

दोघी रानात गेल्या. कडूबा बांधावर बसून होता. अंग घामानं चिंब, आणि सारखा थुंकत होता. शेजारी औषध कालवायचा ड्रम होता. काठी कुठं दिसत नव्हती.

"काका, हातानं ढवळलं का?"

"हिरवं औषध हाये ते. त्याला काठी कशाला?"

घाम, तोंडाला पाणी सुटणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं. पत्रकातली ती ओळ तिला पाठ होती. तिनं वाकून त्याचे डोळे पाहिले. बाहुल्या बारीक झाल्या होत्या.

"उठा. आंग धुवायचं अन् दवाखान्यात जायचं."

"मला काय धाड भरली? तीस वर्षं फवारून राह्यलो," असं म्हणत तो उठला आणि त्याचे पाय लटपटले. बेबीनंदानं आपल्या आणि नंदाबाईच्या हातांना कॅरीबॅगा बांधल्या. दोघींनी त्याचा सदरा काढला, मोटारीच्या पाण्याखाली साबण लावून त्याचं अंग धुतलं आणि रस्त्यावरची जीप थांबवली.

दवाखान्यात तिनं पत्रक आणि बाटली डॉक्टरांपुढं ठेवली. पत्रकात उताऱ्याचं औषध लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी वाचलं आणि लगेच इंजेक्शन सुरू केलं. मग त्यांनी बाटली हातात घेतली.

"पत्रकावर पिवळा, बाटलीवर हिरवा. हे कसं काय?"

मालकांचं बोलणं तिला आठवलं. तरी ती म्हणाली, "लेबल चुकलंय. मी त्याच कारखान्यात कामाला आहे." डॉक्टरांनी कारखान्याचं नाव विचारलं, तिनं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

कडूबा चौथ्या दिवशी घरी आला. महिनाभर त्याचे हात थरथरत होते, नंतर थांबले.

पुढच्या आठवड्यात कारखान्यात कृषी खात्याची तपासणी झाली. माल सील झाला आणि काम बावीस दिवस बंद राहिलं. शालू तिला मस्तगडच्या रस्त्यात भेटली.

"तुझ्या तोंडापायी आम्ही सगळ्या घरी बसलो."

बेबीनंदा पुढं चालू लागली. काम पुन्हा सुरू झाल्यावरही बायका तिला जेवायला बोलवायच्या नाहीत. ती खिडकीशी बसून एकटीच डबा खायची. तिला त्याचं वाईट वाटायचं.

भुजंगरावांनी तिला काढलं नाही. एक वही आणून तिच्या टेबलावर ठेवली. "तुझी सही झाल्याबिगर एकही रोल लागणार न्हाई," एवढंच म्हणाले.

डिसेंबरात एक दिवस शालू स्वतःहून एक नवा रोल घेऊन आली आणि तिच्यासमोर उलगडून उभी राहिली.

"बघ बरं. मराठीत उताऱ्याची ओळच दिसत न्हाई."

दोघींनी लेबल वरपासून खालपर्यंत वाचलं. ओळ खरंच सुटली होती. तो रोल त्याच दिवशी छापखान्यात परत गेला.