विहीणबाईंचा अंगठा आणि शेठचं पोट

ये ग प्राची, अशी जवळ ये. जवळ म्हणजे येणार कुठून म्हणा, तू बसलीस तिकडे बंगळुरूला; तरी सरक जराशी, आणि तो कानातला दोरा काढ. दोन दिवाळ्या झाल्या तुला घर बघून. फोन करतेस तेव्हा पहिलं वाक्य काय असतं तुझं? ‘शेठ कसा आहे?’ दोन आज्या इथे जिवंत आहेत, एकीचे गुडघे गेलेत, दुसरीला साखर आहे, त्यांची चौकशी नंतर. आधी तो गिनीपिग. आणि आम्ही दोघी एका सुरात सांगतो, ‘मजेत आहे.’ खोटं बोलतो आम्ही. आज खरं सांगणार आहे, कारण मला राग आलाय. तुझा आलाय, माझा स्वतःचा आलाय, आणि सगळ्यात जास्त तुझ्या चिंचणीच्या आजीचा आलाय. बाकी कुणी हे वाचत असेल तर वाचू दे बापडे. त्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते, ही चिंचणीची आजी म्हणजे माझी विहीण, माझ्या लेकीची सासू.

तर या विहीणबाईंचा ओरडा खाल्ला नाही असा माणूस चिंचणीपासून पालघरपर्यंत शोधून सापडायचा नाही. सकाळी उठल्यावर त्या आधी कावळ्यावर ओरडतात, मग नळावर, मग मुलावर, आणि चहा झाला की गावावर. लग्नाच्या बोलणीत मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा माझ्या हातचा शिरा खाऊन म्हणाल्या, ‘गोड हाय, पण तुमी तूप मोजून घालता.’ मी अजून विसरले नाही. चाळीस वर्षं त्यांनी टोपलीपुढे बसून मासळी विकली. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या मासळी द्यायच्या नाहीत, नुसतं ऐकवायच्या, आणि लोक तेवढ्यासाठीही थांबायचे. त्यांचं सगळं शिक्षण उजव्या अंगठ्यात आहे. पापलेटाच्या पोटावर अंगठा दाबायचा. मांस परत वर आलं तर ताजं, खड्डा राहिला तर शिळं. त्या अंगठ्याखालून कलिंगडं गेली, आंबे गेले, तुझ्या बारशाला आणलेले पेढे गेले. तुझ्या आईच्या पहिल्या भाकरीवरही तो अंगठा दाबला गेला होता. निकाल काय लागला ते तिलाच विचार.

आणि अशा बाईच्या पदरात तू दहावीच्या सुट्टीत एक गिनीपिग आणून टाकलास. तू त्याचं नाव ठेवलं होतंस बटाटा. त्यांनी पहिल्याच दिवशी ते रद्द केलं. ‘बसून खातो, दुसऱ्याकडून साफसफाई करून घेतो. शेठ हाय हा शेठ!’ तू कॉलेजला गेलीस, मग नोकरीला गेलीस, शेठ राहिला. साडेसहा वर्षांचा झालाय आता. त्या जातीत हे चांगलंच म्हातारपण. म्हातारपणी माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं, सगळं दुखणं पोटात उतरलं.

त्याच्या पोटापायी विहीणबाईंनी किती भांडणं केली म्हणून सांगू! बोईसरच्या एका दुकानातून तुझा बाबा त्याच्यासाठी रंगीत खाऊचं पाकीट घेऊन आला, मका, शेंगदाणे आणि कसली लाल-हिरवी बिस्किटं. ते खाऊन शेठच्या लेंड्या दोन दिवस बिघडल्या. विहीणबाई उघडं पाकीट घेऊन दुकानात. दुकानदार म्हणतो, ‘माताजी, फॉरेन का माल है.’ ‘मग फॉरेनला नेऊन घाल! हे कोंबडीचं खाणं, माज्या शेठला देतोस व्हय?’ त्याला मराठी किती कळत होतं देव जाणे, पण पाकीट परत घेतलं त्यानं, वर पाणी विचारलं.

मग गवत. शेठला दिवसभर गवत लागतं, ओलं नाहीतर वाळलेलं, दुसरं काही असो नसो. विहीणबाईंना कारखान्यांच्या बाजूचं गवत चालत नाही. उमरोळीकडच्या डोंगरातली एक बाई भारा घेऊन येते, तिचंच लागतं, आणि तिच्याशीच सगळ्यात मोठं भांडण. एकदा मी स्वतः पाहिलं. विहीणबाईंनी काडी उचलली, हुंगली, दाताखाली धरली आणि थुंकली. ‘हे नाल्याकाठचं हाय.’ ती बाईही काही कमी नाही. ‘आजी, माज्या शेताच्या बांधावरचं हाय. मी खाऊन दाखवू?’ ‘खा!’ तिनं मूठभर तोंडात घातलं. मग हिनंही घातलं. भर बाजारात दोन बाया एकमेकींच्या डोळ्यांत डोळे घालून गवत चावतायत, आणि मधे मी, हातात पर्स. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, ‘बरं हाय. उद्या पण आण.’ तेव्हापासून त्या दोघींचं मेतकूट.

आता माझा गुन्हा सांगते. तुला कुणी सांगितला नसेल.

गेल्या हिवाळ्यात सातपाटीला त्यांच्या भाचीची हळद होती. सगळे एका रात्रीसाठी गेले आणि शेठला सांभाळायला मी बोईसरहून चिंचणीला आले. विहीणबाईंनी जाताना पंधरा सूचना दिल्या, त्याही ओरडून, जणू मी समुद्रापलीकडे उभी आहे. ‘गवत संपू द्यायचं नाय! काय पण झालं तरी गवत संपू द्यायचं नाय!’ मी म्हटलं, चार पोरं वाढवलीत मी, जा तुम्ही. त्या गेल्या, आणि संध्याकाळी बघते तर शेठ कोपऱ्यात फुगून बसलेला, लेंडी मऊ, चिकट. मला माझ्या आईनं काय शिकवलं होतं? पोट बिघडलं की लंघन. पोटाला विसावा द्यायचा. मी गवत काढलं, पेरूची फोड काढली, कोथिंबीर काढली, नुसतं पाणी ठेवलं. आणि तान्ह्या बाळाला लावतात तसा हिंग कालवून त्याच्या बेंबीला लावायला गेले. प्राची, गिनीपिगाला बेंबी कुठे असते ते मला आजतागायत कळलेलं नाही. सबंध पोटालाच फासला. सकाळी तो आणखी गप्प, तर मला वाटलं, आराम पडलाय.

दुपारी विहीणबाई आल्या. अंगावर हळदीनं माखलेलं लुगडं, केसांत कालचा गजरा. दारातच थांबल्या. ‘हिंगाचा वास कसला?’ मी सांगितलं. त्या खाली बसल्या, शेठला मांडीवर घेतलं आणि पोटावर अंगठा ठेवला. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. ‘ढोल झालाय,’ म्हणाल्या. ‘कदीपासून उपाशी हाय?’ ‘काल संध्याकाळपासून,’ मी म्हटलं. ‘लंघन…’ ‘विहीणबाई, तो काय तुमचा चातुर्मास करतो?’

तशाच हळदीच्या लुगड्यात त्यांनी त्याला टोपलीत घातलं, रिक्षा केली आणि आम्ही पालघरला जनावरांच्या डॉक्टरणीकडे गेलो. लहानशी पोरगी, तुझ्याएवढी. तिनं पोट तपासलं आणि मला म्हणाली, ‘आजी, याला कधीच उपाशी ठेवायचं नसतं. यांना उलटी होत नाही. वरून गवत येत राहिलं तरच पुढचं पुढे सरकतं. खाणं थांबलं की आतडं थांबतं आणि आत वायू धरतो. या वयात तर फारच जपायचं.’ वायूचं औषध दिलं, आणि बिनसुईच्या सिरिंजनं ओठाच्या कडेतून पातळ लापशी कशी भरवायची ते दाखवलं. विहीणबाई तिच्यासमोर मला एक शब्द बोलल्या नाहीत. ते जास्त भयंकर होतं. रिक्षा कोळगावच्या पुढे आल्यावर बोलल्या, तेही हळू आवाजात. ‘आमी मासळीवाल्या. आमाला लंघन म्हंजे काय ते कळत नाय. होडी आली नाय की आमच्याकडं त्याला उपाशी म्हणतात. तुमी आता बोईसरला उतरा. माज्या घरात पाय ठेवू नका.’

उतरले मी. रडले पण रागानंच. कोण समजते ही बाई स्वतःला? माझी चूक झाली, कबूल, पण मी काय मुद्दाम केलं? लेकीला फोन करून सांगितलं, तुझ्या सासूचं तोंड बघणार नाही. दुसऱ्या दिवशी मात्र स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. फोन समोर ठेवून बसले. दुपारी वाजला. विहीणबाई! मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत म्हणाल्या, ‘झाली. एक. बारकी,’ आणि ठेवला. एका लेंडीसाठी मी देवापुढे साखर ठेवली ग. शेजारीण विचारते, ‘कुणाला काय झालं?’ काय सांगणार?

पण माफ केलं म्हणशील तर नाही. पुढे दोन महिने मी गेले की दारातून, ‘या. हिंग घरी ठेवून आलात ना?’ येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, ‘ह्या आमच्या विहीण, ह्या उंदराला पण एकादशी धरायला लावतात.’ मी पण मग बाकी ठेवायची नाही. ‘आणि तुम्ही माणसाला गवत चारता!’

त्यात शेठच्या मागच्या बाजूचा जोर गेला. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या नरांना होतं म्हणे असं. ही जनावरं आपली एक मऊ लेंडी परत खातात, पोटासाठीच; ती आतच साठून राहते. मग दर दोन दिवसांनी कोमट पाणी, कापूस आणि खोबरेल घेऊन ती हलक्या हातानं काढावी लागते. ते काम विहीणबाई करतात. तोंडानं त्याला शिव्या चालू, ‘मेल्या, कुठल्या जन्मीचा माजा सासरा तू,’ आणि बोटं अशी चालतात की त्याची झोपही मोडू नये. मी आजवर इतक्या देवळांत गेले, इतका हलका हात पुजाऱ्याचाही पाहिला नाही.

आता मला राग कशाचा आलाय ते ऐक. परवा मी गेले तर त्या शेठला घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून ओरडल्या नाहीत. तिथेच मी घाबरले. शेठला माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, ‘तुमी दाबून बघा.’ मी म्हटलं, मी? मी हिंगवाली? ‘बघा वो. माजा अंगठा बधिर झालाय. साखरेनं. चार महिने झाले, मला काय लागत नाय.’ चार महिने! चार महिने ही बाई रोज त्याच्या पोटावर अंगठा ठेवून, काही कळत नसताना, ‘ठीक हाय’ म्हणून सगळ्यांना सांगत होती. ना मुलाला बोलली, ना सुनेला, ना डॉक्टरला. मी इतकी ओरडले, इतकी ओरडले की गल्लीतली कुत्री उठली. त्या ऐकून घेत राहिल्या. एवढंच म्हणाल्या, ‘पोरीला सांगू नका. ती तिकडं काम टाकून येईल.’

म्हणून सांगतेय. पुढच्या आठवड्यात मी त्यांना पालघरला माणसांच्या डॉक्टरकडे नेतेय, ओढत न्यावं लागलं तरी. आणि रोज सकाळी बोईसरहून पहिल्या रिक्षानं चिंचणीला जाते, शेठचं पोट बघायला. त्या शेजारी बसून शिकवतात, ‘जोर नको. पीठ मळलंय असं लागलं पायजे.’ माझा अंगठा अडाणी आहे, पण शिकतोय.

शेठ खातो अजून, हळूहळू, मधे थांबून. दाराशी चप्पल वाजली की मान वर करतो. त्याही करतात, पण दाखवत नाहीत. आज सकाळी पोट मऊ होतं त्याचं. उद्याचं मी सांगू शकत नाही. ये ग लवकर. आणि येशील तेव्हा आधी त्याला नको घेऊस उचलून. आधी त्यांचा उजवा हात धर.