गोपाळ पागनीस दोन दाबतो

पागनिसांच्या पूर्वजांनी म्हणे शिंद्यांच्या पागेतल्या घोड्यांचा हिशेब ठेवला होता. पुढे घोडे संपले, दरबार संपला, आडनाव तेवढं राहिलं. त्या आडनावाचा थोरला वारस, गोपाळ, उज्जैनहून उन्हेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिपल्या गावात मोटरी बांधायचा. मोटर बांधायची म्हणजे विहिरीतल्या जळक्या पंपाच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि तांब्याची नवी तार वेटोळी करून भरायची. या कामात गोपाळचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. दुपारनंतर मात्र तो हात कुणाला तरी धरावाच लागायचा.

वडील गावातल्या शाळेत मास्तर होते, म्हणून घर तिथलं. धाकटा भाऊ पराग बँकेत लागून उज्जैनला माधव नगरात राहायला गेला. गावात उरले गोपाळ आणि आई. गोपाळचं लग्न झालं नव्हतं. "झालं असतं तर मोडलं असतं, तेवढा खर्च वाचला," असं आई, म्हणजे विजयाबाई, आल्यागेल्याला सांगायच्या आणि वर चहा द्यायच्या.

पिण्याचं मूळ म्हणाल तर धंद्यातच होतं. मोटर बसवली, बटण दाबलं, पाइपातून पाण्याची पहिली धार आली की शेतकरी खूश होऊन बाटली उघडायचा. गोपाळचं काम चोख, त्यामुळे धार हमखास यायची. त्या हिशेबानं बघितलं तर तो कामाच्या चोखपणानंच बिघडला. एखादा ढिसाळ कारागीर असता तर चहावर भागलं असतं.

पण यंदाच्या पितृपक्षात फार झालं. वडिलांची तिथी होती. उज्जैनच्या रामघाटावरचे गुरुजी येऊन बसले होते, पिंडांचा भात निवत होता, आणि गोपाळ सकाळीच कुणाच्या तरी शेतात 'फक्त मोटर उतरवून येतो' म्हणून गेलेला. आला तो धार बघूनच आला. पाटावर बसला, बोटात दर्भाचं पवित्रक घातलं, आणि गुरुजींनी 'आता वडिलांचं नाव घ्या' म्हटल्यावर मान खाली घालून झोपून गेला. गुरुजींनी पळी-पंचपात्र आवरलं. कावळ्याचं पान आईनं एकटीनं नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली.

"वडलांचं तू असं केलंस," ती म्हणाली. "माझ्या वेळेला काय करशील रे? अग्नी द्यायला उभा तरी राहशील का?"

"आई, चूक झाली. माफ कर."

"शुद्धीत राहून दाखव. मग मी परत येईन, आणि अग्नीही तुझ्याच हातचा घेईन. थोरला आहेस तू."

एवढं बोलून ती परागकडे राहायला निघून गेली. पागनिसांच्या घरात पहिल्यांदाच चूल पेटली नाही. गोपाळनं दुःखात पिऊन घेतली, आणि मग पिऊन घेतल्याचं दुःख झालं म्हणून आणखी.

गावातली आशा कार्यकर्ती रामकन्या तेव्हा मोबाइल घेऊन घरोघर फिरत होती. दारू कमी करायची असेल त्याच्या फोनवर रोज मेसेज येणार, अशी काहीतरी योजना निघाली होती. रामकन्येनं नाव, वय, नंबर टिपून घेतलं आणि विचारलं, "किसके लिए छोड़ोगे, भय्या?"

"आई," गोपाळ म्हणाला.

"आई? कौन आई? कब आई?"

"अरे माँ! हमारे में माँ को आई बोलते हैं."

"तो ऐसा बोलो ना," असं म्हणत रामकन्येनं 'माँ' लिहिलं. पिपल्यात दोन पिढ्या काढून पागनीस अजून परगावचेच होते.

संध्याकाळी मेसेज यायला लागले. 'गोपाल जी, नमस्ते. आज आपने शराब पी? हाँ के लिए 1, नहीं के लिए 2 दबाएँ.' गोपाळला त्यातल्या 'जी'नं गुदगुल्या झाल्या. त्याला 'जी' म्हणणारं त्या गावात कुणी नव्हतं, दारूचा ठेकेवालासुद्धा नाही. मात्र सल्ले एकेक अजब असायचे. 'जिस रास्ते पर ठेका हो, वह रास्ता बदल लें.' आता पिपल्याला रस्ताच एक! तो बदलायचा तर शेतातून उन्हेल गाठावं लागलं असतं, आणि उन्हेललाही ठेका होताच. 'घर में बोतल न रखें.' गोपाळच्या घरात बाटली टिकलीच कधी होती? एकदा चिडून त्यानं 'तेरे बाप का क्या जाता है' असं टाइप करून पाठवलं. उत्तर आलं, 'क्षमा करें, आपका उत्तर समझ में नहीं आया. कृपया 1 या 2 दबाएँ.'

बनेसिंह त्याचा दोस्त. बस थांबायची तिथे समोरच त्याचं घर. तो म्हणायचा, "भय्या, इस मोबाइल से ब्याव कर लो. रोज शाम को हालचाल तो पूछती है."

सुरुवातीला गोपाळ पिऊनही दोन दाबायचा. दाबलं की लगेच यायचं, 'शाबाश गोपाल जी! माँ को आप पर गर्व है.' पहिल्या दिवशी त्याला हसू आलं. नंतर नंतर ते वाचवेना. आई त्याला मुडदा म्हणायची, वाटोळं केलं म्हणायची, ते सगळं त्याला पचलं होतं. पण न विचारता, न हुंगता कुणी आपल्यावर विश्वास ठेवावा, हे काही पचेना. मग एका संध्याकाळी त्यानं खरं खरं एक दाबलं. 'कोई बात नहीं. कल फिर कोशिश करें,' एवढंच आलं. हे वाचून तो ओट्यावर बसून रडला. मशीन कधी खेकसत नाही, याचा हा तोटा असतो.

मग हळूहळू दोन खरे व्हायला लागले. हात कापायचे, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, तार सुटून पुन्हा पुन्हा गुंडाळावी लागायची. मोटर बसवून झाली की धार यायच्या आत तो अवजारं उचलून पळायचा. "पागनीस भय्या धार से डरते हैं," असं पोरं ओरडायची. दिवाळी कोरडी गेली. दिवाळीनंतरही कोरडंच राहिलं. 'मन करे तो किसी प्रियजन को फ़ोन करें,' असा एक सल्ला होता, तो तेवढा त्यानं मनापासून पाळला. तो परागच्या बायकोच्या फोनवर आईला फोन लावायचा. आई 'हं' म्हणायची. कधी दोनदा म्हणायची.

"आई, पराग सांगतो ना तुला? मी सोडली."

"हं. फोनवर वास येत नाही. दत्तजयंतीला येईन, तेव्हा बघीन."

आई येणार! गोपाळनं देवघर घासलं, भिंतीला चुना मारला, सुंठवड्यासाठी सुंठ आणून ठेवली. मधे थंडीनं आईला खोकला धरला, छातीत कफ भरला, तर त्याचा जीव वरखाली झाला. पण पराग म्हणाला, उतार आहे.

दत्तजयंतीला अजून दोन दिवस होते. भर सकाळी गोपाळ दुकानात एका मोटरीला वार्निश पाजत होता, आणि फोन वाजला. ही काही मेसेजची वेळ नव्हे. हात पुसून त्यानं पाहिलं. परागची बायको अपर्णा हिचा मेसेज होता.

'भाऊजी, आई गेली. आत्ताच.'

अपर्णा शाजापूरची, हिंदी घरातली. लग्नानंतर हौसेनं मराठी शिकली, आणि मोठ्या दिरांना हिंदीत लिहिणं बरं दिसत नाही म्हणून मुद्दाम मराठीत लिहायची. झालं होतं एवढंच की सासूबाईंना दत्तजयंतीपर्यंत दम निघेना. घर झाडून ठेवायला हवं, असं म्हणत त्यांनी पिशवी उचलली आणि बस धरली. अपर्णाच्या मनात 'मम्मीजी गईं' आलं आणि तेच तिनं मराठीत करून पाठवलं. माणूस बाजारात गेला, गावाला गेला, हे ठीक. पण कुठे ते न सांगता नुसता 'गेला' म्हटलं की मराठी घरात त्याचा एकच अर्थ होतो. अशा वेळी 'निघाली' म्हणायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ते शिकवायचं असतं असं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

गोपाळनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. अपर्णाच्या गल्लीत त्या दिवशी नळ आले होते, ती खाली पाणी भरत होती आणि फोन वर चार्जिंगला होता. परागला लावला. तो बँकेत कॅशच्या खिडकीवर होता, त्यानंही उचलला नाही. गोपाळनं ओळखलं. मरणाच्या घरात फोन कोण उचलतं?

तो चपला न घालताच बनेसिंहाकडे पळाला. "मोटरसायकल निकाल. मेरी आई गई."

बनेसिंहानं त्याला ओट्यावर बसवलं. गोपाळचे दात वाजत होते. बनेसिंह आत गेला आणि पेला भरून घेऊन आला. "भय्या, थोड़ी ले लो. कंधा देना है, आग देनी है. ऐसे काँपते हाथ से कैसे दोगे?"

'मन करे तो किसी प्रियजन को फ़ोन करें.' पण ज्या माणसाला फोन करायचा ते माणूसच आता नव्हतं. गोपाळनं पेला घेतला. मग दुसराही घेतला. बनेसिंहानं तिसरा नको म्हटलं, तर गोपाळनं त्याच्या हातून बाटलीच ओढून घेतली. मोटरसायकल अंगणात उभीच राहिली.

उज्जैनची बस आली तेव्हा तो ओट्याच्या खांबाला डोकं टेकून 'आई, आई' करत मोठ्यानं रडत होता. बसमधून एक म्हातारी उतरली. एका हातात पिशवी होती, पिशवीतून नव्या केरसुणीची मूठ बाहेर आलेली. आपल्या नावानं कोण एवढा आक्रोश करतंय, म्हणून ती रस्त्याच्या कडेला थबकली.

"माँसाब?" बनेसिंहाच्या तोंडून कसंबसं निघालं.

गोपाळनं वर बघितलं. धडपडत उठला, रस्ता ओलांडला, आणि वार्निशचे चिकट हात आईच्या गालांना लावले. "आई! तू... तू गेलीस ना?"

"गेले कुठं? आले आहे मी..." ती म्हणाली, आणि मग तिला वास आला.

ती एक पाऊल मागे सरली. गोपाळ हसत होता, रडत होता, "अगं, हे बघ, हे बघ ना" म्हणत तिच्या डोळ्यांपुढे फोन नाचवत होता. तिनं त्याचा हात बाजूला केला. "नको दाखवू मला काही."

ती परतीच्या बसची वाट पाहत थांब्याच्या बाकावर बसली. गोपाळ तिच्या पायाशी मातीत बसला. त्यानं पिशवी घ्यायला हात पुढे केला तर तिनं ती मांडीवर ओढून घेतली. जाणारे-येणारे बघून न बघितल्यासारखं करत होते. बस आली. पायरी चढताना ती बनेसिंहाकडे वळली. "इसको खाना खिला देना," म्हणाली, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळ आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून माधव नगरात पोहोचला. अपर्णानं दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते.

"भाऊजी, माझ्यामुळे झालं सगळं. मैंने तो... मला वाटलं, तसंच म्हणतात."

"अगं, मराठी आहेच तशी खट. आम्हा पागनिसांनाच धड येत नाही," गोपाळ म्हणाला. "आईला सांगितलंस?"

"रात्रीच सांगितलं. मेसेज पण वाचून दाखवला."

गोपाळला एकदम हलकं वाटलं. म्हणजे गैरसमज मिटला. त्यात कुणाचाच दोष नव्हता, शब्दच तेवढा चुकला होता. तो आत गेला. आई स्वयंपाकघरात पाटावर बसून भाजी निवडत होती.

"कळलं मला," तिनं वर न बघता म्हटलं. "तिची काही चूक नाही. लहान आहे ती."

"मग चल ना आई. घर मी झाडलंय. चुना पण मारलाय."

तिनं भाजी बाजूला ठेवली. "गोपाळ, तुला खरंच वाटलं ना, मी मेले?"

"हो गं. शपथ."

"आणि मग तू काय केलंस?"

गोपाळनं तिनं बाजूला ठेवलेली भाजी आपल्या पुढ्यात ओढली.

"मी खरंच मेले असते तरी तू हेच केलं असतंस," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, तो त्याच्या सवयीचा होता. "मी जिवंत आहे तोवर तू सोडशील, रे. धीरानं सोडशील. पण त्या दिवशी मी नसेन ना! एवढंच मला बघायचं होतं, आणि ते बघून झालं. असं आपलं मरण बघायला कुणाला मिळतं?"

"आई..."

"अग्नी पराग देईल. मी त्याला सांगितलंय. तू ये, उभा राहा. हात त्याचा लागेल."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. गोपाळनं मान डोलावली. एरवी भांडण करायला तो पटाईत, पण या वेळी आई बरोबर होती, आणि ते त्यालाही कळत होतं.

आई उठली. तिनं ताट मांडलं. भात, वरण, मेथीची भाजी, कडेला लिंबाची फोड. समोर बसून ती त्याला वाढत राहिली, जणू गावच्याच घरात बसली आहे. खोकला आला की पदर तोंडाला लावायची, आणि थांबला की पुन्हा पळी उचलायची. तो खाली मान घालून जेवत होता. पोट कधीच भरलं होतं.

"अजून वाढू भात?" तिनं विचारलं.

"वाढ," तो म्हणाला. नको म्हटलं असतं तर उठावं लागलं असतं.