हरायला ठेवलेली

"सरळ लाव रे. तिरकी दिसतेय," सेक्रेटरी काका खुर्चीतून म्हणाले.

माझे वडील स्टुलावर चढून पाटी ठोकत होते. मी खाली खिळे घेऊन उभी. गालावर त्यांच्याच बोटांचे वळ. पाटीवर लिहिलं होतं, "मैदान फक्त सभासदांच्या मुलांसाठी. इतरांच्या मुलांनी आपले पाय आपल्या घरी पळवावेत."

इतरांची मुलं म्हणजे मी. दुसरं कोणी नव्हतंच.

कर्वेनगरातली सोसायटी. वडील तिथे वॉचमन, आई तिथल्याच चार घरची धुणीभांडी करायची. मीटरच्या खोलीला लागून आमची खोली. मी अकरा वर्षांची, महापालिकेच्या शाळेत. शाळेच्या मैदानात गाड्या लावलेल्या असायच्या. पी.टी.च्या तासाला आम्ही बाकांच्या मधे उभं राहून हात वर, हात खाली करायचो. मला पळायचं वेड होतं आणि पळायला जागा नव्हती.

सेक्रेटरींचा ओजस माझ्याच वयाचा. दिवसभर मोबाईल. दोन जिने चढला की धापा टाकायचा. डॉक्टरांनी सांगितलं, याला रोज तासभर पळवा. सगळी सोसायटी हळहळली. सायकल आणली, कोच ठेवला. पठ्ठ्या हलेना. मग त्याच्या आईला, काकूंना, मी आठवले.

"तुझ्या मुलीला पाठव गं संध्याकाळी," त्या माझ्या आईला म्हणाल्या. "हा तिला हरवेल. जिंकला की दुसऱ्या दिवशी परत खाली उतरेल."

आई भीत भीत म्हणाली, "तिचाबी व्यायाम होईल."

"तिला कशाला व्यायाम? भांडी घासते की तुझ्याबरोबर."

मैदानात पाय ठेवायला मिळतोय म्हणून मी उड्या मारत गेले. लाज वाटते सांगायला, पण खूश होते. कडेच्या गुलमोहराला हात लावून परत यायचं, एवढीच शर्यत. मी मागे राहायचं, एवढाच नियम. पाय आवरून आवरून पोटऱ्या दुखायला लागल्या. ओजस जिंकला की काकू टाळ्या वाजवायच्या, त्याला बाटलीतलं पाणी द्यायच्या. मला गाड्या धुवायचा नळ दाखवायच्या. तो तोंडावर म्हणायचा, "लूझर!" मी घरी येऊन रडले की वडील सांगायचे, "गप हरायचं. खोली हाय तवर तुझी शाळा हाय."

मग एका रविवारी सोसायटीने मुलांच्या शर्यती ठेवल्या. पालक खुर्च्या टाकून बसले. ओजसची प्रगती सगळ्यांना दाखवायची होती, म्हणून मला बोलावलं. काकांनी वेणीला धरून मला जवळ ओढलं. "शेवटी स्लो व्हायचं. शहाणी आहेस ना?"

आम्ही पळालो. झाडाला हात लावून मी वळले. तो बराच मागे, तोंड उघडं टाकून. मी रोजच्यासारखी हळू झाले. तेवढ्यात काकू खुर्चीतून ओरडल्या, "ए, थांब! थांब तिथेच!" रस्त्यावरच्या कुत्र्यावर ओरडतात तशा. अहो, मी थांबतच होते. न सांगता, शहाण्यासारखी थांबतच होते. तरी ओरडल्या.

मग मी थांबले नाही.

त्या मैदानावर पहिल्यांदा जीव तोडून पळाले. रेघ ओलांडली. एक टाळी वाजली नाही. ओजस मातीत बसून भोकाड पसरून रडायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "या लोकांना जरा जवळ केलं की असंच."

काकांनी वडिलांना बोलावलं. "इथे ऑलिंपिक चाललंय का? पोरगी आवरत नसेल तर खोली रिकामी कर."

वडिलांनी मला मारलं. सगळ्यांसमोर. काका "पुरे" म्हणेपर्यंत. मग वडील म्हणाले, "ओजसला सॉरी म्हण." मी म्हटलं नाही. पुन्हा मारलं. तरी म्हटलं नाही. वडिलांचा राग आला नाही असं लिहिणं सोपं आहे. आला. अजून येतो. पण त्यांना हात कोण उचलायला लावतंय, तेही तेव्हाच दिसलं. खुर्चीत बसून चहा पीत होते ते. दुसऱ्या दिवशी पाटी आली.

आता मी हडपसरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, कंपनीत नोकरी करते, सकाळी पळते. गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. मुलं दिवसभर स्क्रीनसमोर असतात, म्हणून गार्डनमध्ये झुंबा क्लास सुरू करत आहोत. त्याखालीच दुसरा. कामवाल्या बायकांच्या मुलांनी गार्डनमध्ये खेळू नये, तशी पाटी लावण्यात येईल. दोन्हीखाली अंगठेच अंगठे.

भाडेकरूला मीटिंगमध्ये मत नसतं, हे मला ठाऊक आहे. पाटी ठोकायला तुम्ही सभासद वॉचमनलाच बोलावणार, हेही ठाऊक आहे. त्यालाही एक मुलगी आहे. त्याच्या हातातला हातोडा मी काढून घेणार आहे. घरमालकाला सांगून मला बाहेर काढायचं असेल तर काढा. पण पाटी ठोकायचीच असेल, तर खुर्चीतून उठा आणि स्वतःच्या हाताने ठोका. मी त्या भिंतीला पाठ लावून उभी असेन.