हात वर करायला शिकवणारे गमरेकाका

गमरेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका चांगल्या पस्तिशीच्या माणसाला शिडीवर चढवत होते आणि उतरवत होते. चढताना तो "गो अप" म्हणायचा, उतरताना "कम डाउन". भोवती सात-आठ जण तेच घोकत होते. मी तेव्हा लालबागच्या एका मंडपवाल्याकडे कामाला होतो आणि परळच्या एका चाळीच्या चौकात आमचीच शिडी परत न्यायला गेलो होतो. मला वाटलं, ही मंडळी कामातून गेली. शिडी मागितली तर काका म्हणाले, "घेऊन जा की. पण आधी एकदा चढ, आणि काय करतोयस ते इंग्लिशमध्ये सांग." मी चढलो. तोंडातून एक शब्द फुटला नाही. मग तिथेच बसलो तो वर्ग सुटेपर्यंत. उशिरा शिडी घेऊन गेलो म्हणून शेठने जे ऐकवलं ते मात्र शुद्ध मराठीत होतं.

काकांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठी माणसं लिहिणार आहेत. मी आठवीनंतर शाळेत टिकलो नाही आणि कुठल्या कामावरही सहा महिन्यांच्या वर टिकत नव्हतो. आज आखातातल्या एका गोदीत माझं तिसरं वर्ष चालू आहे, ते कुणामुळे हे सांगण्यापुरतं लिहितो.

काका स्वतः सातवी शिकलेले. माझगावच्या गोदीत ते पस्तीस वर्षं रिगर होते. रिगर म्हणजे क्रेनला ओझं बांधणारा आणि खालून हाताच्या खुणांनी क्रेनवाल्याला चालवणारा माणूस. बाहेरदेशीचे इंजिनियर बोलायचे त्यातले शब्द काका एका कागदावर लिहायचे आणि तो कागद हेल्मेटच्या आत खोचायचे. निवृत्त झाल्यावर त्याच शब्दांचा त्यांनी रविवार सकाळचा वर्ग केला. फी नाही, फळा नाही. बादली, दोरखंड, स्विचबोर्ड आणि आमची नाही तर आणखी कुणाची तरी शिडी. आधी हात, मग तोंड, सगळ्यात शेवटी वही, असा त्यांचा क्रम. बादली उचलायची आणि म्हणायचं पिक अप. ठेवायची आणि म्हणायचं पुट डाउन. दोर सोडला की लेट गो.

हे शब्द आम्हाला फार छळायचे. एकटा टर्न कळायचा, पण त्याला ऑन, ऑफ, ओव्हर चिकटलं की डोकं फिरायचं. काका म्हणायचे, आपणही "देऊन टाक" म्हणतो, त्यात काही टाकतो का? "बसून घे" म्हणतो, त्यात काय घेतो? ते तुम्ही आईच्या मांडीवर शिकलात. हे माझ्याकडे शिका, एवढाच फरक. त्या दिवसापासून इंग्रजी मला परक्या घरातलं वाटलं नाही.

वर्गाचा एकच कडक नियम होता. न समजता मान हलवायची नाही. त्याला ते "खोटा यस" म्हणायचे. ज्याने खोटा यस दिला त्याने लगेच सांगितलेलं करून दाखवायचं. आमच्यातल्या दिनेश वायरमनला एकदा ते म्हणाले, टेक ऑफ युवर शूज. दिनेश "यस सर" म्हणून हसत उभा. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अरे ठोंब्या, बूट काढायला सांगतायत. ऐकून ऐकून मला आलं, तू अजून तिथेच." काकांनी मावशींना पुढच्या रविवारी वर्ग घ्यायला लावला. त्यांनी तो दिनेशला पुन्हा दोनदा बूट काढायला लावून घेतला.

पण मीच खोटा यस देऊन बसलो, आणि तोही नको तिथे. आखातातल्या गोदीसाठी रिगरच्या मदतनिसांची ट्रेड टेस्ट, म्हणजे काम करून दाखवायची परीक्षा होती. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादं काम मनापासून हवं होतं. परदेशी साहेब भराभर बोलला, मी यस सर म्हणालो. पुन्हा काही बोलला, पुन्हा यस सर. मग त्याने विचारलं, काय करायचंय ते सांग. मी तिसऱ्यांदा यस सर म्हणालो. रांगेतले हसले. साहेबाने माझ्या कागदावर फुली मारली. भरती करणारा एजंट म्हणाला, दोन महिन्यांनी दुसरी बॅच आहे, तेव्हाही असंच केलंस तर परत येऊ नकोस.

दोन रविवार मी वर्गाला गेलो नाही. तिसऱ्या रविवारी वर्ग संपवून काका आमच्या घरी आले, लालबागला, तीन जिने चढून. आईशी मालवणच्या पावसापाण्याच्या गप्पा मारल्या, चहा घेतला. आई आत गेल्यावर त्यांनी सांगितलं की गोदीत नवीन असताना साहेबाने ओरडून काही सांगितलं आणि त्यांनी नुसती मान हलवली. ओझं फिरलं. त्यांचा जोडीदार अनंता, त्याच्या पायाची दोन बोटं गेली. अनंताने त्यांना कधी दोष दिला नाही. दवाखान्यात एवढंच म्हणाला की पुढच्या वेळी मान हलवू नकोस, हात वर कर. हे सांगताना काका माझ्याकडे बघत नव्हते.

मग त्यांनी विचारलं, "तुला इंग्लिश येत नाही याची लाज वाटते, की विचारायची?"

"विचारायची," मी म्हणालो.

"मग अर्धं काम झालं. उद्यापासून संध्याकाळी ये."

महिनाभर त्यांनी माझ्याकडून रोज घोटून घेतलं. दुसऱ्या टेस्टला तोच साहेब होता. तो बोलला त्यातलं हुक अप मला कळलं, पुढचं डोक्यावरून गेलं. मान आपोआप हलायला लागली होती. मी ती थांबवली आणि हात वर केला. म्हणालो, सर, फर्स्ट पार्ट ओके, सेकंड पार्ट प्लीज शो मी. एजंटने कपाळाला हात लावला. साहेब स्वतः पुढे आला, पिवळी पट्टी घेतली आणि चार खांबांना गुंडाळून आतली जागा बंद करून दाखवली. कॉर्डन ऑफ. मी पट्टी सोडली, पुन्हा स्वतः बांधली आणि मग ओझं हुकाला लावलं. साहेब एजंटला म्हणाला, जो विचारतो तोच मला क्रेनखाली पाहिजे.

बाहेर येऊन आधी काकांना फोन लावला. वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, कळलं नाही ते काय होतं? मी कॉर्डन ऑफ सांगितलं. काका म्हणाले, "थांब, कागद घेतो. हा मलाही नवीन आहे."

त्या रविवारी वर्ग मी घेतला. नायलॉनची दोरी लावून चौक बंद केला. पाण्याला निघालेल्या बायका पलीकडून शिव्या घालत होत्या. पंचाहत्तरीकडे निघालेले गमरेकाका पहिल्या ओळीत मांडी घालून बसले होते, आणि मी सोडेपर्यंत दोरीच्या आतून हलले नाहीत.

काका, सोहळ्याला मला सुट्टी मिळाली नाही. इथूनच तुमच्या पाया पडतो. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, कान तिखट राहोत आणि तुम्हाला ठाऊक नसलेला एखादा शब्द घेऊन दर रविवारी कुणी ना कुणी तुमच्याकडे येत राहो. असे शब्द अजून खूप आहेत. ते संपेपर्यंत तुम्ही आम्हाला हवे आहात.