क्षमा मगदूमचं कोपर

पंचांनी ‘नो बॉल’ दिला तसं क्षमानं आधी पायाकडं पाहिलं. बुटाची खूण रेघेच्या चांगली आत होती. तिनं मागं वळून पाहिलं, तर तिच्या बाजूचे पंच मुकाट उभे होते. ओरडले होते ते दुसरे, स्क्वेअर लेगचे पंच. तिथून नो बॉल येतो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक एकच असतो.

हुबळीच्या मैदानावर एकोणीस वर्षांखालच्या मुलींचा सामना चालला होता. राज्याचा संघ त्यातूनच निवडायचा होता आणि निवड समितीची माणसं मांडवात बसलेली. क्षमानं पुढचा चेंडू जोरात टाकला. पुन्हा नो बॉल. त्याच्या पुढचा हळू टाकला, तो चालला. मग परत जोरात, आणि परत तोच आवाज. कप्तान सौम्या धावत आली. पंच तिला बाजूला घेऊन कन्नडमध्ये दबक्या आवाजात बोलले. क्षमाला कन्नड मराठीइतकंच यायचं. ही मुलगी चेंडू टाकत नाही, फेकते, असं ते म्हणत होते. हिला थांबव, नाहीतर मला थांबवावी लागेल.

सौम्यानं क्षमाच्या हातातून चेंडू काढून घेतला. उरलेला सामना क्षमा सीमारेषेवर उभी होती. पाठीमागून कुणीतरी “थ्रो, थ्रो” असं ओरडायचं आणि दोघंचौघं हसायची. तिनं एकदाही वळून बघितलं नाही. पण चेंडू तिच्याकडं आला की तो यष्टिरक्षकाकडं न भिरकावता ती जवळच्या मुलीकडं घरंगळत सोडायची.

निपाणीजवळच्या मांगूरची ही पोर. वडील जिनपाल मगदूम ऊस आणि थोडी तंबाखू करायचे. लहानपणी क्षमा उसाच्या ट्रॉलीवरून पडली आणि उजवं कोपर मोडलं. हाड जुळलं, पण हात सरळ झाला नाही. जमिनीला समांतर धरला तरी कोपरात बाक राहायचा. आई तारामतीला त्याची फार काळजी. पाहुणे आले की ती पोरीला लांब बाह्यांचा झगा घालायला लावायची. क्षमाला मात्र त्या हाताचं वेगळंच कौतुक होतं. कारण त्या हातातून सुटलेला चेंडू टप्पा पडला की सापासारखा आत वळायचा.

ती नववीत असताना चिकोडीच्या एका शाळेचा संघ मैत्रीचा सामना खेळायला आला. मांगूरच्या शाळेच्या पोरांतला एक तापानं पडला. खेळाचे मास्तर परशराम सुतार यांनी क्षमाला हाक मारली.

“उतरतीस का गं?”

“पोरांच्यात, सर?”

“चेंडूला काय कळतंय समोर पोरगा हाय का पोरगी?”

पाहुण्या मास्तरांनी नाक मुरडलं. क्षमाच्या पहिल्या षटकात त्यांचा सलामीचा पोरगा पुढं आला, चेंडू बॅटीच्या आतून घुसला आणि मधली यष्टी आडवी झाली. डाव संपेस्तोवर तिनं त्यांचे निम्मे गडी घेतले होते. दुसऱ्या दिवसापासून सुतार सरांनी तिला रोज मैदानावर बोलवायला सुरुवात केली.

घरात त्यावरून वादावादी झाली. मगदूमांचं घर जैन, दिवस मावळायच्या आत जेवायची रीत, आणि सराव संपायचा दिवस मावळताना. “उपाशी झोपायची ही रोज?” तारामतीनं विचारलं. पुढच्या सोमवारपासून डबा घेऊन जिनपालच मोटरसायकलवरून मैदानाच्या कडेला येऊ लागले. क्षमा पॅड न सोडता चार घास खायची आणि परत पळायची. मोसम दोन मोसम असे गेले. शाळेतून तालुक्याला, तालुक्यातून विभागाला ती गेली, आणि विभागातून त्या हुबळीच्या मैदानावर.

हुबळीहून परतताना एसटीत बापलेक शेजारी बसले होते. संकेश्वर मागं पडलं तरी क्षमाचे डोळे पुसून होत नव्हते. मग जिनपालनी खिडकीबाहेर बघतच विचारलं, “खरं सांग. फेकतीस काय तू?”

“न्हाय, आप्पा.”

“मग कशाला रडतीस?”

“मला ठाव न्हाय, आप्पा. मला वाटतंय मी फेकत न्हाय. पण मला दिसत न्हाय की माझा हात.”

तेच खरं दुखणं होतं. पंचानं तिच्यावर ठपका ठेवला त्यापेक्षा तिचाच स्वतःच्या हातावरचा भरवसा उडाला, हे वाईट झालं. ती आरशासमोर उभी राहून हात फिरवायची. मोबाइलवर चित्रीकरण करून एकेक चौकट थांबवून बघायची. कधी वाटायचं हात वाकडाच आहे आणि वाकडाच राहतोय, कधी वाटायचं नाही, शेवटी झटका बसतोय. एका वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. गावातली कारटी तिला बघून दगड फेकल्यासारखा हात करू लागली. तारामती एवढंच म्हणाली, “झालं तेवढं बास. आता कॉलेजचं बघ.”

सुतार सर घरी आले ते बसलेसुद्धा नाहीत. “बेंगळूरला तपासणी करत्यात. कॅमेरे लावून बघत्यात. कोपर मुळातच वाकडं असलं तर चालतंय, पण चेंडू सोडताना ठरल्यापेक्षा जास्त सरळ झालं तर न्हाय. जायचं का?”

“आणि त्यात फेकती निघाली तर?” तारामतीनं विचारलं.

उत्तर क्षमानंच दिलं. “तर कळंल तरी.”

बेंगळूरच्या त्या थंडगार खोलीत तिच्या दंडाला, कोपराला, मनगटाला चमकत्या टिकल्या चिकटवल्या. चहूबाजूंनी कॅमेरे होते. समोर फलंदाज नाही, यष्टिरक्षक नाही, कुणाचा ओरडा नाही. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, “सामन्यात टाकतेस तसंच टाक.” हळू टाकायचा मोह तिला त्या वेळी झाला. हळू टाकला की आपण सुटतो हे हुबळीलाच तिच्या लक्षात आलं होतं. तिनं घाम पुसला आणि आपला सगळ्यात जोराचा, दांडी उडवणारा चेंडू होता तसा टाकला. मग परत टाकला. मग परत.

निकाल फोनवर आला, तेव्हा ती गोठ्यासमोर उभी होती. तिचा नेहमीचा ऑफस्पिन नियमात बसत होता. जोराचा चेंडू बसत नव्हता. तो टाकताना हात मर्यादेबाहेर सरळ होत होता. नेहमीचा चेंडू टाकायला परवानगी, जोराचा कायमचा बंद.

म्हणजे पंच खोटे नव्हते, आणि तीही खोटी नव्हती. क्षमा गोठ्याच्या कठड्यावर बसली. सुटल्याचा आनंद मानावा की काय, तिला कळेना. तिला मिळालेले निम्मे गडी त्या जोराच्या चेंडूवरचे होते.

पुढच्या मोसमात राज्याच्या संघात तिला जागा मिळाली, पण पहिल्याच मोठ्या सामन्यात शेवटचं षटक तिच्या वाट्याला आलं. समोर जमलेली फलंदाज, जिंकायला हव्या होत्या मोजक्या धावा. यष्टिरक्षक जवळ येऊन कानात म्हणाली, “तो जुना टाक एकच. पंचांच्या लक्षात येणार नाही.”

क्षमानं चेंडू बोटांत फिरवला. हात शिवशिवत होता. त्या चेंडूला समोरच्या बाईकडं उत्तर नव्हतं, हे तिला दिसत होतं. ती धावत गेली, आणि नेहमीचाच टाकला. तो तिच्याच डोक्यावरून थेट बाहेर गेला. पुढचाही गेला. सामना हातचा गेला आणि दुसऱ्या सामन्यात क्षमाचं नाव संघात नव्हतं.

त्या रात्री तिनं सरांना फोन केला. “चूक केली का मी?”

“केली आस्तीस तर मला फोन केला नसतास,” सर म्हणाले. “ये हिकडं. दुसरं कायतरी शोधू.”

मग मांगूरचं मैदान आणि सुतार सर, एवढंच उरलं. जोर बंद, तर मग उशीर. चेंडू हातातून सुटावा पण फलंदाजापर्यंत पोचायला वेळ घ्यावा, उंच जावा आणि अचानक खाली पडावा. सुरुवातीला तो अर्ध्या वाटेतच पडायचा, नाहीतर थेट छातीवर यायचा. सुतार सरांनी स्वतः बॅट घेऊन तो शेकडोदा मैदानाबाहेरच्या उसात मारला, आणि दोघांनी उसात शिरून तो हुडकला. बोटांची कातडी निघाली. तारामती आता रोज सकाळी खोबरेल गरम करून बोटांना लावून द्यायची. एके दिवशी सर पुढं सरसावून मारायला गेले, चेंडू त्यांच्या अंदाजाआधीच टप्प्यावर पडला आणि मागं यष्टी वाजली. सर बॅट टेकवून तिथंच उभे राहिले. “ह्यो परत टाक,” ते म्हणाले.

त्या चेंडूनं तिला राज्याच्या संघात परत नेलं, तिथून भारताच्या दुय्यम संघात, आणि एका दुपारी भारतीय संघाच्या यादीत.

पदार्पणाचा सामना नवी मुंबईत होता. तिच्या पहिल्याच षटकात मोठ्या पडद्यावर तिचं कोपर दिसू लागलं, भलंमोठं, अगदी संथ गतीत. मैदानभर कुजबुज पसरली. क्षमाला ती ऐकू आली. त्याच षटकात तिला दोन चौकार बसले. भारताची कप्तान जवळ आली. क्षमानं चेंडू देण्यासाठी हात पुढं केला, कारण अशा वेळी काय होतं ते तिला ठाऊक होतं.

कप्ताननं चेंडू घेतला नाही. “क्षेत्ररक्षण तू लाव,” ती म्हणाली.

क्षमानं मिडॉनची मुलगी थोडी मागं नेली. मग जुन्या सवयीनं पडद्याकडं जाऊ पाहणारी नजर तिनं ओढून फलंदाजावर आणली. तिचा हात फिरला. चेंडू वर गेला, तिथं थोडा घुटमळला, फलंदाज पुढं आली, आणि तो तिच्या बॅटीपुढं पडून वळला. यष्टिरक्षकानं बेल्स उडवल्या तेव्हा फलंदाज क्रीजच्या बाहेर हातभर होती.

षटकं संपेपर्यंत क्षमानं आणखी एक गडी घेतला. भारत तो सामना थोडक्यात हरला. ड्रेसिंगरूममध्ये क्षमा खांद्याला बर्फ लावून कोपऱ्यात बसली होती आणि सामना हरल्यावर आपलं नाव गळतं, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

सकाळी न्याहारीच्या वेळी प्रशिक्षक तिच्या टेबलाशी थांबले. “परवाच्या सामन्यात पहिलं षटक तू टाकायचंस,” ते म्हणाले आणि चहा घ्यायला पुढं गेले.