ओकाचा मांडव

मेश्राम सरांच्या अंगणातल्या ओकाची पानं कडेनं करपली होती आणि सर पाइप धरून उभेच होते. बुडाशी चिखल झाला होता. मी आधी नळ बंद केला.

माझी ब्रह्मपुरीत नर्सरी आहे, शिवाय लोकांच्या बागांची कामं घेते. हे झाड मात्र माझ्याकडचं नव्हतं. सरांची मुलगी सुजाता शिलाँगला नोकरीला होती. गेल्या थंडीत लग्नासाठी बदली घेऊन आली, तेव्हा ते रोप रेल्वेत मांडीवर घेऊन आली. दातेरी कडांची, तळहाताहून मोठी पानं. रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. पुढे लग्न ऐन वेळी मोडलं. पोरगी घरात कोणाशी धड बोलेना, फक्त सकाळी त्या झाडापाशी बसायची. त्यामुळे सरांचा सगळा जीव त्या झाडात अडकला होता.

"बाई, हे मरून राह्यलं काय? रोज दोन टाइम पाणी देतो मी."

"म्हणूनच मरून राह्यलं, सर."

पान जितकं मोठं, तितकं त्यातून पाणी जास्त उडतं. मुळं तेवढं ओढू शकली नाहीत की पान कडेपासून जळतं. याला आम्ही लीफ स्कॉर्च म्हणतो. आपला साग शहाणा, उन्हाळ्याआधी पानं टाकून मोकळा होतो. हा थंड मुलखातला पाहुणा एप्रिलमध्ये नवी पानं मिरवत होता. त्यात धानाच्या चिकट मातीत पाणी साचलं की मुळं कुजतात, ते वेगळंच.

सावलीसाठी ग्रीन नेट लावून पाहिली. गरम वाऱ्यानं ती फडफडली आणि होती ती पानंही फाटली. मग मी बांबू घेऊनच गेले. म्हटलं, मांडव घालू. वर आणि पश्चिमेला जांभळाच्या फांद्या बांधायच्या, त्यांवर पाणी शिंपडायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसंही अशीच तग धरतात.

सरांनी बांबू धरून मला थांबवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मांडव नाई घालाचा, बाई. पोरीचा मांडव याच अंगणात होता. हळदीच्या दिवशी सोडला. लोकं विचारतीन. झाड गेलं तर जाऊ द्या."

मला रागच आला. पण बापाचं दुखणं दिसत होतं, म्हणून तोंड आवरलं आणि बांबू परत गाडीत भरायला लागले. तेवढ्यात सुजाता बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाबा, झाडानं कोनाचं काय बिघडवलं? घाला बाई, मी बांबू धरते."

झाडाशेजारी दोघं-तिघं बसतील एवढा ऐसपैस मांडव उभा राहिला. शेवटच्या फांद्या बांधत होतो, तर समोरच्या काकू फाटकातून डोकावल्या. "कोनाचा मांडव होय वं, सुजाता?"

सरांनी मान खाली घातली. मी उगाच तीच गाठ पुन्हा बांधायला घेतली.

"झाडाचा होय, काकू. या, बसा. इथी गार आहे."

काकू आल्या, बसल्या, आणि उन्हाळाभर येत राहिल्या. सुजाताही हळूहळू त्यांच्याशी बोलायला लागली.

जळकी पानं गळाली. एक फांदी वाळली, ती मी छाटली. पावसाळ्यात खोडावर नवे कोंब आले. झाडाला आता ऊन हवं होतं, म्हणून मांडव सोडायला गेले. सर म्हणाले, "झाडावरचा काढा, बाई. बाजूचा राहू द्या. पोरगी तिथी चहा पिते."

मोठ्या पानांचं परमुलखातलं झाड अंगणात खुशाल लावा. फक्त रोपाआधी बांबू आणून ठेवा, आणि पाइप बापाच्या हाती देऊ नका.